आज वाहन नाही

रक्षाबेनने न्हाणीघरातली बादली उपडी केली, एक पाय ठेवून ती कितपत वाकते ते पाहिलं, मग दुसरा पाय ठेवला आणि झरोक्याच्या जाळीला नाक लावलं. समोर पाण्याची काळी टाकी होती. तिच्या पलीकडे आणखी एक टाकी होती. दोन टाक्यांच्या फटीत चिंधी अडकावी तसं काहीतरी निळं दिसत होतं.

"दिसतो का गं?" बाहेरून तिच्या मुलीने, झरणाने विचारलं.

"निळं आहे काहीतरी. समुद्र आहे की ताडपत्री, ते सांगता येत नाही."

"हलतंय का?"

"नाही."

"मग ताडपत्री."

रक्षाबेन आणखी थोडा वेळ बादलीवर उभी राहिली. ताडपत्री असली तरी तिला ती सोडवेना.

कन्याकुमारीतली ही समुद्र दिसणारी खोली झरणाने फोनवर शोधली होती. फोटोत खिडकी होती, पडदा होता आणि पडद्याआड भरपूर समुद्र होता. प्रत्यक्षात खिडकी आणि पडदा जागच्या जागी होते. समुद्राच्या ठिकाणी शेजारच्या इमारतीची भिंत होती, हात लांब केला तर पोपडा निघेल एवढ्या अंतरावर. झरणाचे वडील धीमंतभाई खाली भांडायला गेले, तेव्हा कपाळभर भस्म लावलेल्या मॅनेजरने शांतपणे सांगितलं, "समुद्र गच्चीवरून दिसतो, साहेब. गच्ची सध्या बंद आहे. पण समुद्र कुठे पळून चाललाय? बाहेर पडा, डावीकडे वळा."

सुरेंद्रनगरहून निघाल्यापासून हॉटेलांनी या कुटुंबाला बरंच काही शिकवलं होतं. आजवर त्यांचा प्रवास म्हणजे तीर्थयात्रा. पालिताणा, शंखेश्वर, फार तर सम्मेतशिखर. मुक्काम धर्मशाळेत, गादी मोजून घ्यायची आणि मोजून परत करायची. हॉटेलात राहण्याची ही पहिलीच वेळ. मदुराईच्या हॉटेलात बिछान्यावर टॉवेलचा राजहंस करून ठेवला होता. धीमंतभाईंच्या आईने, म्हणजे बांनी, त्याला हात लावू दिला नाही. जिवाचा आकार एकदा दिला की तो मोडणं म्हणजे त्याला मारणंच, असं त्यांचं म्हणणं. हंस दोन दिवस टीव्हीवर बसून राहिला आणि चौघं आपापल्या पंच्याने अंग पुसत राहिले. कोडाईकनालच्या आचाऱ्याला जैन जेवण म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. कांदा नाही, लसूण नाही, असं छातीवर हात ठेवून सांगून त्याने बटाट्याची भाजी वाढली, गाजर घालून. मग रक्षाबेनने खोलीत विजेची शेगडी लावली आणि मजल्यावरचे सगळे दिवे गेले. रामेश्वरला एका गुजराती ट्रस्टची धर्मशाळा मिळाली. उकळलेलं पाणी, मुगाची डाळ, रात्री नवाच्या ठोक्याला दिवे बंद. बा म्हणाल्या, "याला म्हणतात हॉटेल."

धीमंतभाई परत वर आले ते घामाघूम, पण हसत.

"समोरच्या गल्लीत पांढरं हॉटेल आहे ना, तिथे जाऊन आलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मोकळ्या आहेत. पश्चिमेकडे तोंड. मधे एक माडसुद्धा नाही. रक्षा, बॅगा उघडू नको."

रक्षाबेन ओल्या पावलांनी बाहेर आली. धीमंतभाई भांड्यांचे दुकानदार. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द ते पाळत. बायकोला त्यांनी उभ्या आयुष्यात एकच शब्द दिला होता, साखरपुड्याच्या दिवशी, पाहुणे सरबत पीत असताना: कन्याकुमारीला नेईन, सूर्य समुद्रात बुडताना दाखवीन. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली होती. मधे दुकान होतं, झरणाचं शिक्षण होतं, सासऱ्यांचं आजारपण होतं.

शिवाय सूर्यास्ताचं तिच्या घरी निराळंच होतं. अंधार पडल्यावर तोंडात काही घालायचं नाही, त्यामुळे दिवस मावळायच्या आत घरातल्या सगळ्यांची ताटं वाढून, जेवून, उचलून झाली पाहिजेत. स्वयंपाकघरात उपाश्रयाचं कॅलेंडर होतं, त्यावर रोजच्या सूर्यास्ताची वेळ छापलेली. रक्षाबेनला ती पाठ असे. वर्षातल्या कुठल्याही दिवशी सूर्य किती वाजता मावळतो ते ती झोपेत सांगू शकली असती. तो मावळताना दिसतो कसा, ते मात्र तिला माहीत नव्हतं, कारण त्या वेळी ती भाखरीला तूप लावत असे.

"बा, ऊठ," धीमंतभाई म्हणाले. "पलीकडे जायचंय."

बा पलंगावर आडव्या होत्या. त्यांनी डोळे उघडले, पण उठल्या नाहीत.

"आता कुठे? माझं आज शयन एकच आहे."

बा रोज पहाटे चौदा नियम धरत. आज किती पदार्थ खाणार, किती वाहनांत बसणार, कुठल्या दिशेला किती दूर जाणार, किती बिछान्यांना पाठ लावणार, ते सगळं त्या ठरवून टाकत आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत ते पाळत. घरी याचा कोणाला त्रास नव्हता. घरी बिछाना एकच असे.

"बा, पाच मिनिटं तर पडलीस," धीमंतभाई म्हणाले. "त्याला काय शयन म्हणतात?"

"पाठ टेकली ना?"

"टेकली, पण झोप लागली नाही."

"झोपेचा नियम नाही, बिछान्याचा आहे."

झरणाला वाटलं, वाट सापडली. "मग तिकडे खाली चटईवर झोप, बा."

"चटई म्हणजे काय हवा असते?" बांनी कूस बदलली. आता त्यांचं तोंड खिडकीतल्या भिंतीकडे होतं. "तुम्ही तिघं जा. मी राहीन इथे. मला काय, भिंत तर भिंत."

या वाक्यानंतर सासूला टाकून समुद्र बघायला जाणारी सून अजून सुरेंद्रनगरात जन्माला यायची होती. रक्षाबेनने बॅग उघडली, पोळपाट काढला आणि वर्तमानपत्र अंथरून त्यावर ठेवला.

"उद्या जाऊ सकाळी तिकडे," धीमंतभाई म्हणाले.

"उद्या सकाळी निघायचंय," झरणा म्हणाली. "दुपारची गाडी आहे तिरुवनंतपुरमहून. विसरलात?"

ते विसरले नव्हते. त्यांनी फक्त उद्या हा शब्द उच्चारून पाहिला होता.

दिवस कलू लागला तशी खालच्या गल्लीतून चपलांचा आवाज सुरू झाला. अख्खं गाव एकाच दिशेने चाललं होतं. शाळेच्या सहलीची मुलं गेली, शिट्ट्या वाजल्या, शेंगदाणेवाल्याची घंटा गेली. मॅनेजरसुद्धा कुलूप लावून गेला असावा, कारण खाली टेलिफोन वाजत राहिला. या वेळी शेगडीने दिवे घालवले नाहीत. रक्षाबेन भाखऱ्या भाजत होती. तिने मान वर केली, तर समोरची भिंत केशरी झाली होती. पोपड्यांच्या कडा सोन्यासारख्या चमकत होत्या. कुठूनतरी, कशावरूनतरी आपटून, थोडासा सूर्यास्त त्या बोळात येऊन पडला होता. ती बघत राहिली. भिंत केशरी होती, मग विटकरी झाली, मग पुन्हा भिंत झाली. तोवर शेगडीवरची भाखरी करपली.

"ती मला दे," बा म्हणाल्या.

"जळलीय, बा. दुसरी घालते."

"दे म्हटलं ना. वेळ कुठे आहे दुसरीला?"

बांनी ती काळी भाखरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. डाळीत मीठ चिमूटभर कमी पडलं तर शेजारच्या घराला कळेल एवढ्या आवाजात बोलणाऱ्या बा, करपलेल्या भाखरीवर एक अक्षर बोलल्या नाहीत. पाणी पिऊन झाल्यावर रोजच्या रिवाजाप्रमाणे ताट धुऊन तेही पाणी त्या प्यायल्या आणि त्यांनी माळ घेतली.

सकाळी ड्रायव्हर सेल्वराज गाडी पुसून दारात उभा होता. बॅगा बांधून झाल्या होत्या. धीमंतभाई त्या मोजत होते, एकदा सुलट आणि एकदा उलट, कारण त्यांचा पहिल्या मोजणीवर कधीच विश्वास नसे. बा पाटावर बसून पुटपुटत होत्या. मग त्यांनी हात जोडले, डोळे उघडले आणि पाट उचलून भिंतीला टेकवला.

"चल बा, गाडी आलीय," धीमंतभाई म्हणाले.

"आज वाहन नाही," बा म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. आज वाहन एकही नाही. पच्चक्खाण घेऊन झालं."

धीमंतभाईंच्या हातातली बॅग हातातच राहिली. "अगं बा, आज गाडी आहे आपली. रेल्वे. रात्री सांगितलं, सकाळी सांगितलं, तू हो म्हणालीस."

"म्हणाले असेन. लक्षात राहिलं नाही. वय झालं."

"मग बदलून घे. एक वाहन ठेव. दोन ठेव."

"घेतलेला नियम परत देतात का? तुझ्या दुकानात काय पाटी लावलीय? विकलेला माल परत घेतला जाणार नाही. देवाचं दुकान काय त्याहून हलकं आहे?"

धीमंतभाईंनी झरणाकडे पाहिलं. झरणा फार लक्षपूर्वक बुटाची नाडी बांधत होती. बांना नवऱ्याच्या घरात आल्यापासूनची सगळ्यांच्या मरणाच्या तिथी, शेजाऱ्यांच्या मुलांची नावं, कोणत्या लग्नात कोणी किती वाट्यांचा सेट दिला, हे सगळं पाठ होतं. दोनदा सांगितलेली रेल्वे तेवढी निसटली होती.

"आणि आज माझं एकासणं," बा म्हणाल्या. "दुपारी एकदाच काय ते जेवेन. संध्याकाळी माझ्यासाठी काही करायचं नाही. तुम्हा तिघांना खाखरे पुरे होतील. हवेत काय रोज ऊन ऊन चोचले?"

"मला चालतील," झरणा म्हणाली. "बा, शयन किती ठेवलंस आज?"

"दोन."

"दोन कशाला गं?"

"एका गादीवर माझं अंग दुखतं."

धीमंतभाई गॅलरीत जाऊन राजकोटच्या मेव्हण्याशी तिकिटांबद्दल बराच वेळ ओरडत होते. शेवटी परवाची गाडी मिळाली. आईवर चिडता येत नसल्यामुळे ते सेल्वराजवर चिडले, आणि सेल्वराजला गुजराती येत नसल्यामुळे तो हसला. मग सगळ्यांनी बॅगा उचलल्या. वाहन नव्हतंच, त्यामुळे गल्ली चालत ओलांडली. बा सगळ्यांच्या पुढे होत्या.

पांढरं हॉटेल बाहेरून दिसायचं त्यापेक्षा जुनं होतं, लिफ्ट मधेच विचार करत थांबत होती, आणि बा तीही वाहनातच धरून जिने चढल्या. दर मजल्यावर थांबून त्या गुडघे चोळत. तिसऱ्या मजल्यावर खोलीचं दार उघडलं आणि समोर भिंत नव्हती. भिंत असायला हवी तिथपासून पुढे नुसतं पाणी होतं. रक्षाबेनने चप्पल काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

एक खोट मात्र होती. खिडकीच्या बरोबर खाली हॉटेलचा भटारखाना होता आणि तिथे सकाळपासून मासे तळले जात होते. धीमंतभाईंनी खिडकी लावायला हात पुढे केला.

"राहू दे," बा म्हणाल्या. त्यांनी पदर दोनदा नाकावरून गुंडाळून घेतला, त्यामुळे पुढचं सगळं त्या पदरातून बोलल्या. "कोंडतं मला."

चार वाजता तिघांनी खाखरे खाल्ले, वर आंब्याचा छुंदा खाल्ला आणि धीमंतभाई नि झरणा किनाऱ्यावर निघाले. धीमंतभाई दारापर्यंत जाऊन परत आले.

"तू नाही येत? मी सांगितलं होतं की दाखवीन."

"दाखवलंत की," रक्षाबेन म्हणाली. "मी इथूनच बघते. पलंगावर बसून."

मग त्यांनी पलंगाच्या कडेला ठेवलेली बॅग उचलून खाली ठेवली, म्हणजे तिला पाय लांब करता यावेत, आणि गेले.

रक्षाबेन पाय लांब करून बसली. हातांना काही काम नव्हतं, म्हणून तिने ते मांडीवर एकावर एक ठेवले. दोनदा तिला शेगडी चालू राहिल्याचा भास झाला. दोन्ही वेळा ती उठली नाही. बाहेरचं ऊन मऊ होत गेलं. मच्छीमारांच्या होड्या आधी रंगीत होत्या, मग काळ्या झाल्या. सूर्य खाली आला, पाण्यापाशी थांबल्यासारखा वाटला, आणि त्याची कड पाण्याला लागली.

मागे माळेचा आवाज थांबला. बा खुर्चीवरून उठून पलंगाशी आल्या. रक्षाबेन सरकली. बा तिच्या शेजारी बसल्या, नाकावर पदर तसाच, आणि दोघी समोर बघत राहिल्या. अर्धा सूर्य अजून वर होता. तो जाता जात नव्हता.

"याला तर बराच वेळ लागतो गं," बा पदरातून म्हणाल्या. "आपल्याकडे किती घाई करायचा."