आवळलेला टाका

हॉस्पिटलात त्याला सगळे 'खालचे डॉक्टर' म्हणत, कारण त्याची प्रयोगशाळा तळघरात होती आणि तो सहसा वर फिरकत नसे. वर ऑपरेशनं होत, त्यातून निघालेले तुकडे छोट्या डब्यांतून खाली येत. मेणात बसवून त्यांचे अगदी पातळ काप काढले जात, काचेवर चढवून रंगवले जात, आणि मग खालचे डॉक्टर मायक्रोस्कोपला डोळे लावत. त्याचा विषय एकच होता. तुटलेली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, शिवल्यावर कधी नीट जुळून येते आणि कधी पुन्हा तुटते, ते कशामुळे?

त्याची बायको त्याच हॉस्पिटलात हातांची ऑपरेशनं करायची. बायको म्हणायचं ते आपलं सवयीनं. घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती. भांडण असं काही झालं नव्हतं. दोघंही कामाला जुंपलेले, मुलगी शिकायला परगावी गेली, आणि मग लक्षात आलं की घरात बोलायला विषयच उरलेला नाही. आता लिफ्टपाशी गाठ पडली तर माना हलायच्या. बाकी खुशाली मुलीच्या फोनवरून इकडची तिकडे व्हायची.

डब्यांवर नुसते नंबर असत, सर्जनचं नाव नसे. पण तिचा टाका त्याला ओळखू यायचा. ती डावखुरी होती, तिच्या गाठीचं वळण उलटं पडायचं. तुकडा भिंगाखाली धरला की तो मनात म्हणायचा, ही तिची.

त्या वर्षी तिचे तुकडे जास्तच येऊ लागले. शिवून पुन्हा सुटलेल्या कंडरांचे. एका कापात टाक्याच्या बाहेर पेशी दाटीवाटीनं जमलेल्या होत्या; फासाच्या आत मात्र नुसते फिकट धागे, पेशीचा मागमूस नाही. त्यानं काप काढणाऱ्या ताईंना बोलावलं.

"ताई, रंग नीट चढलाय ना?"

"रंगाला काय धाड भरलीय? बाहेर बघा की कसा चढलाय."

त्यानं तिच्या जुन्या काचा काढून पाहिल्या. त्यांत असं नव्हतं. फोन करायचं त्यानं आज-उद्यावर ढकललं, आणि शेवटी एका दुपारी केला.

"मी बोलतोय."

"पोरगी बरी आहे ना?" तिनं आधी तेच विचारलं.

"बरी आहे. तुझ्या टाक्यांबद्दल बोलायचं होतं."

"खाली येते," ती म्हणाली.

आली तेव्हा टोपीचा वळ कपाळावर तसाच होता. दोघांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप होता, त्याच्या दोन बाजूंना दोघं बसले. कोपराला कोपर लागलं, दोघांनीही हात आखडून घेतले.

"हा तुझा टाका. आणि ही त्याच्या आतली जागा."

"रिकामी?"

"मेलेली. रक्त पोचलंच नाही. तू फार आवळतेस. पूर्वी नव्हतीस आवळत."

तिनं डोळे वर केले नाहीत. "एक शिंपी होता," ती म्हणाली. "अंगठ्याची कंडरा. मी शिवली, ती सुटली. परत शिवली, तर आजूबाजूला चिकटून बसली, सरकेचना. आता त्याला सुईत दोरा ओवता येत नाही. तेव्हापासून गाठ मारली की हात आपोआप आणखी एकदा ओढतो."

"मला माहीत नव्हतं हे."

"कुणाला सांगणार होते मी?"

त्यानं कागद ओढला आणि आकृती काढली. एका दोऱ्यावर सगळा भार टाकण्याऐवजी तो जास्त दोऱ्यांत वाटून द्यायचा, म्हणजे कुठलाच आवळावा लागणार नाही.

"आणि फट राहिली तर?"

"केसभर फट शरीर भरून काढतं. गळा आवळलेली जागा नाही भरत."

त्यानंतर ती बरेचदा खाली यायला लागली. जुन्या काचा काढून दोघं वाद घालत. ती त्याच्या चहाला पाणचट म्हणे आणि दुसरा कप मागे. दुपार झाली की त्याचं लक्ष दाराकडे लागे. ताईंना ते दिसत होतं.

तिनं नव्या पद्धतीनं शिवायला सुरुवात केली, तसे उलट्या गाठीचे तुकडे कमी होत गेले. मग यायचेच थांबले. जी कंडरा जुळली, तिचा तुकडा कशाला कोण काढील?

एकदा तिचा फोन आला. "या महिन्यात एकही सुटली नाही." आवाजात हसू होतं.

"छान झालं. ये ना कधी खाली."

"येईन की. काही दाखवायचंय का?"

त्यानं टेबलावर नजर फिरवली. इतरांच्या काचा होत्या, तिची एकही नव्हती. एखादी पुढे करून काहीतरी सांगता आलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "दाखवायचं असं काही नाही."

"मग सवडीनं येते."

ती सवड काही निघाली नाही. तिचा दोष नव्हता; तिचा टाका शिकायला बाहेरून सर्जन येऊ लागले होते.

पुढं एका रविवारी मुलीचा फोन आला. "बाबा, आई सांगत होती, तुमचं दोघांचं काम किती छान झालं म्हणून."

"हो, झालं," तो म्हणाला, आणि तिच्याकडे थंडी पडली का ते विचारलं.