उंबऱ्यावरचा तांब्या

दवाखान्यातून सुटल्यावर अंजली आधी घरी जात नसे. तिची स्कूटी थेट बुद्धविहारामागच्या मायाच्या पत्र्याच्या खोलीकडे वळायची. त्या खोलीला सगळं गाव 'ओसरी' म्हणायचं. ज्यांच्या आया रानात, दुकानात, दवाखान्यात राबतात अशी वरच्या-खालच्या दोन्ही आळींतली लेकरं तिथं दिवसभर असत. ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं तर निम्मं वर्ष दोन्ही वेळा तिथंच जेवत. त्यामागे कुणी मोठी संस्था नव्हती, सरकार नव्हतं. कुणी पायलीभर ज्वारी द्यायचं, कुणी डाळ. जिच्याकडे द्यायला काही नसे ती एखाद्या दिवशी येऊन भाकरी थापून जायची. हे सगळं माया जुळवून आणायची, आणि मायाची सासू छबुबाई लेकरं सांभाळायची.

त्या दिवशीही अंजली दारात येऊन उभी राहिली. साडेतीन वर्षांची आरोही छबुबाईच्या मांडीवर झोपली होती. छबुबाईच्या पदराचं टोक तिच्या मुठीत घट्ट होतं.

"आरू, चल बाळा."

आरोहीनं डोळे किलकिले केले, आईकडे पाहिलं आणि तोंड पुन्हा त्या मांडीत खुपसलं.

"आत्ताच डोळा लागलाय, कावून उठवायलाव सिस्टर?" छबुबाई हसली. "ऱ्हाऊ द्या माझ्याकडंच. तशी बी ती माझीच झालीय बगा."

चेष्टाच होती ती. पण तिच्यात थोडा तोरा होता, आणि तो छबुबाईलाही कळत होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात खुरपं चालवलेल्या बाईला वरच्या आळीतली पोर आईपेक्षा जवळची मानते, याचं सुख तिला लपवता येत नव्हतं.

अंजली हसली. पण आत काहीतरी कुरतडलं. आरोही अंगावर पीत होती तेव्हाच तिला कामावर जावं लागलं होतं. दुपारी पान्हा दाटला की दवाखान्याच्या मोरीत उभं राहून ती दूध पिळून टाकायची. इकडं तिची लेक छबुबाईच्या हातून वाटी-चमच्यानं दूध पीत असायची. लेक चालायला लागली ती इथंच. मध्ये ताप आला तेव्हा ग्लानीत "छबूआजी, छबूआजी" म्हणत होती. अंजली उशाशी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या बदलत होती, आणि त्या हाकेनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते काळजीचंच होतं असं ती स्वतःला सांगत राहिली.

झोपेतली पोर तिनं जवळजवळ ओढूनच घेतली.

घरी उंबऱ्यावर सासूबाई, मालनबाई, तांब्या घेऊन उभ्याच होत्या.

"ओसरीतून आलाव नव्हं? थांबा तितंच."

तुळशीचं पान तांब्यात बुडवून त्यांनी पोरीच्या अंगावर पाणी शिंपडलं. आरोही जागी झाली, दोन्ही हात पसरून खिदळली. तिला तो खेळच वाटायचा. "अजून, आज्जी, अजून!"

पहिल्यांदा हे झालं तेव्हा अंजलीनं विचारलं होतं, "आत्याबाई, हे काय आणि?"

"तू दवाखान्यातून आल्यावर साबणानं हात धुतीस का न्हाई? तसंच हाय हे."

"तिथं जंतू असतात, आत्याबाई. इथं माणसं आहेत."

मालनबाईंनी तांब्या खाली ठेवला नाही. नवरा रविराज मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "आईचं वय झालंय. दोन थेंब पाण्यानं काय झिजतंय तुझं?" आणि अंजलीनं ते सोडून दिलं. शिकलेल्या माणसालाही सोडून देणं किती सोपं असतं!

मालनबाईंचंही दुःख होतंच. सख्खी नात, पण ती मांडीवर बसायची नाही. नारायणगडाच्या जत्रेला गेल्या होत्या तेव्हा गर्दीत दमत-भागत त्यांनी तिच्यासाठी रेवड्या आणल्या. आरोहीनं एक तोंडात टाकली आणि एक मुठीत धरून ठेवली.

"ती बी खा की गं."

"ही छबूआजीला."

मालनबाईंचा चेहरा उतरला. त्या संध्याकाळी तांब्यातलं पाणी जरा जास्तच पडलं.

चैत्र सरता सरता ओसरीचा पत्रा तापून लाल झाला. एक पोरगा ताटावरच डोळे फिरवून पडला, दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना उलट्या झाल्या. अंजलीनं त्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि मायाला बाजूला घेऊन सांगितलं, "या खोलीत उन्हाळा काढता येणार नाही. एखादं लेकरू हातचं जाईल."

ही गोष्ट अंजलीच्या सासऱ्यांच्या, सर्जेराव आप्पांच्या, कानावर गेली. आप्पांचा गावात शब्द चालायचा. त्यांनी ओसरीच्या बायांना वाड्यात बोलावलं.

"आमच्या वडलांच्या नावचा हॉल रिकामाच पडलाय. पंखे हायेत, नळ हाय. न्या लेकरं तितं. काय लागलं तर सांगा."

बायांचे चेहरे खुलले. मायाचाही खुलला. तेवढ्यात माजघराच्या दारातून मालनबाईंचा खोकला आला, आणि आप्पा खुर्चीत जरा सरळ झाले.

"एक हाय. जेवण वाढणं, लेकरं घेणं-झोपवणं ही कामं आपल्यातल्या बायांनी करावीत. छबुबाईला कोण काढत न्हाई. तिनं झाडलोट करावी. मी न्हाई म्हणत, माया. लोक म्हणत्यात."

"कोणते लोक, आप्पा?" मायानं विचारलं.

"आता नावं कावून विचारतीस?"

मायानं अंजलीकडे पाहिलं. अंजली या घरची सून होती आणि ओसरी चालवणाऱ्या पाच जणींपैकी एक होती. तिनं "नाही" म्हटलं असतं तर बाकीच्या तिघी तिच्या मागं आल्या असत्या. ते तिला माहीत होतं, मायालाही माहीत होतं.

"नाही" हा शब्द अंजलीच्या ओठांपर्यंत आला. पण त्याच वेळी तिच्या मनात एक चित्र उभं राहिलं. हॉलचं दार, त्या दारात ती, आणि लेक धावत येतेय, तिच्याकडे. दुसऱ्या कुणाची मांडी नाही, पदर नाही.

"लेकरांच्या डोक्यावर आधी सावली येऊ दे," ती म्हणाली. "बाकीचं पुढं बघू."

मायानं नजर खाली वळवली. दाराशी बसलेली छबुबाई उठली. "झाडायची लाज न्हाई मला. जलम त्यातच गेला. पर आप्पा, लेकरू रडलं तर उचलायचं का न्हाई, तेवढं एकदा नीट सांगून ठिवा. न्हाई तर माझा हात चुकून जाईल."

आप्पांनी हॉलची किल्ली अंजलीपुढे सरकवली.

ओसरी हॉलमध्ये आली. पंखे फिरू लागले, नळाला गार पाणी आलं. छबुबाई झाडून झालं की केरसुणी घेऊन दाराबाहेर पायरीच्या कडेला बसायची. आत लेकरं हाका मारायची, ती बाहेरूनच ओ द्यायची. संध्याकाळी अंजली आली की आरोही "आई!" करत धावत येऊन बिलगायची. पोटात पेटलेलं कुणीतरी विझवावं तसं तिला वाटायचं. छबुबाईच्या नजरेला नजर मात्र ती देत नसे.

एकदा दवाखान्यात दुपारीच काम आटपलं म्हणून अंजली लवकर आली. स्कूटी लावत असतानाच तिला दिसलं, आरोही दारातून पळत आली आणि गुळगुळीत फरशीच्या पायरीवरून घसरून तोंडावर आपटली. ओठ फुटला, झग्यावर रक्त आलं.

छबुबाईनं केरसुणी टाकली आणि दोन्ही हात पसरून धावली. आरोही रडत रडत उठली, त्या हातांच्या दिशेनं दोन पावलं टाकली आणि थांबली. तिनं चिमुकला तळवा पुढे धरला.

"नको! शिवू नको!"

छबुबाई जागच्या जागी उभी राहिली. "काय झालं गं चिमे? मी हाय की, छबूआजी."

"आज्जी म्हणते, तू शिवलीस की पाणी शिंपडावं लागतं." आरोही हुंदके देत होती, रक्त आणि अश्रू हनुवटीवरून एकत्र ओघळत होते. "इथं तांब्या नाहीये."

तिला जायचं होतं त्याच मांडीवर. तिचे दोन्ही हात तिकडंच पुढे झाले होते. पण पाय हलत नव्हते. छबुबाईचे हातही तसेच हवेत राहिले होते, आणि दोघींच्या मध्ये हातभर मोकळी फरशी होती.

आपण केलं हे, अंजलीला वाटलं. सासूबाईंनी तांब्या धरला, सासऱ्यांनी अट घातली, पण गप्प राहून लेकीला हे मी शिकवलं. आत्याबाईंच्या विटाळाआड मी माझा हेवा लपवला, आणि दोन्ही मिळून या एवढ्याशा जिवाच्या पायात बेडीसारखे घातले.

ती पुढे गेली. तिनं आरोहीला उचललं. लेक गळ्यात पडली, तिला हवं होतं तशी, घट्ट. क्षणभर अंजलीनं तिला तसंच धरून ठेवलं. मग वाकून तिनं तिला छबुबाईच्या हातांत दिलं.

"घ्या मावशी."

"सिस्टर, आप्पांनी…"

"घ्या. मला जखमेला स्वच्छ पाणी आणायचंय. ती तुमच्याकडंच गप्प बसते."

आरोही घाबरून आईकडे बघत राहिली. "आई, तांब्या?"

"काही लागत नाही बाळा. कधीच लागत नव्हतं. आईनं सांगायला उशीर केला."

आतून माया सगळं पाहत होती. अंजली नळाशी गेली तेव्हा तीही आली.

"माया, ही जागा सोडू या. मी आप्पांना सांगते."

"आमी जाणारच होतो, ताई," माया शांतपणे म्हणाली. "त्याला तुमची परवानगी लागत नव्हती. तुमी कवा बोलताव, तेवढीच वाट बघत होते."

या वाक्यात राग नव्हता. म्हणूनच ते अंजलीला जास्त लागलं.

संध्याकाळी उंबऱ्यावर तांब्या तयार होता. पोरीचा सुजलेला ओठ बघून मालनबाई कळवळल्या. "अगं माझे माय! कुटं पडलीस?" त्यांनी पान तांब्यात बुडवलं.

अंजलीनं त्यांचा हात धरला. आजवर तिनं तो असा कधी धरला नव्हता.

"आत्याबाई, आज नाही. उद्याही नाही. हे तसंच चालणार असेल, तर आम्ही दोघी बाहेरच थांबतो."

"अवोऽ! बगा ही काय बोलायलीय!"

आप्पा बाहेर आले. अंजलीनं हॉलची किल्ली त्यांच्यापुढे धरली. "ओसरी परत मायाच्या खोलीवर चाललीय, आप्पा. आज आरू पडली तर छबूमावशी उचलायला धावल्या. तिनं त्यांना शिवू दिलं नाही. फुटक्या ओठानं उभी राहून तांब्या मागत होती."

आप्पांनी नातीकडे पाहिलं. किल्ली घ्यायला हात पुढे आला, मध्येच थांबला. शेवटी त्यांनी ती घेतली आणि आत गेले. रविराज दाराशी आला, बायकोकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग चपला घालून बाहेर, अंजलीच्या बाजूला पायरीवर येऊन बसला. मालनबाई बराच वेळ उंबऱ्यात उभ्या होत्या. तांब्या त्यांच्या हातात होता, पण पान कधी खाली पडलं ते त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओसरीच्या पत्र्यावर उसाचं पाचट चढत होतं. जाड थर टाकून वर पाणी मारलं की खोली गार राहते, हे तोडीवरून परतलेल्या बायांनीच सुचवलं होतं. त्यांनीच पेंढ्या आणल्या होत्या. दवाखान्यात जाण्याआधी अंजली खालून एकेक पेंढी वर देत होती. वरच्या आळीतल्या दोन बायांनी आपली लेकरं पाठवणं बंद केलं. एक तिसरी मात्र कडेवरच्या बाळासकट भाकरी थापायला येऊन बसली.

कडुनिंबाखाली छबुबाईच्या मांडीवर आरोही झोपली होती. पदराचं टोक मुठीत होतं.

ते बघून अंजलीच्या पोटात पुन्हा तेच कुरतडलं. हेवा गेला नव्हता. आईच्या काळजातून तो कधी पुरता जाईल असं तिला वाटतही नव्हतं. पण तो तिचा होता, तिनंच सोसायचा होता. त्यासाठी कुणाला दाराबाहेर बसवायचं नव्हतं.

"सिस्टर, पेंढी द्या की वो! का झोप लागली?" वरून माया ओरडली.

अंजलीनं पेंढी उचलली. पाचटाच्या धारेनं बोट चिरलं. तिनं ते झटकलं आणि पेंढी वर दिली.