वेंडेलाने ऐकलेली वाट

आमच्या सरोवरावर वर्षातून दोनदा असे दिवस येत की होडी चालत नसे आणि बर्फही पेलत नसे. हिवाळ्याच्या तोंडाला तीन आठवडे, वसंतात दोन. तेवढे दिवस बेटावरची माणसं बेटावर आणि आम्ही काठावर.

बेटावर एकच घर होतं, एलोफ कोळ्याचं. त्याची मुलगी वेंडेला या दिवसांत घरी अडकून पडे आणि दरवर्षी अभ्यासात मागे राही. १९५८ साली माझ्या वडिलांनी, म्हणजे शाळेच्या मास्तरांनी, एलोफला गळ घातली आणि पाणी गोठायच्या आधीच तिला आमच्याकडे आणून ठेवलं. ती अकरा वर्षांची होती, मी दहाची. तरी ती माझ्या मागच्या इयत्तेत होती. तिला माझ्या खोलीत, माझ्याच पलंगावर झोपायला सांगण्यात आलं. मला कोणी विचारलं नाही.

"तुझ्या अंगाला माशांचा वास येतो," मी पहिल्याच रात्री म्हटलं.

"आणि तुझ्या अंगाला खडूचा," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मला मोजायची आवड होती. उंबऱ्यावरचं तापमान, सुपाच्या वाडग्यातले वाटाणे, सगळं मी एका निळ्या वहीत लिहीत असे. बर्फ धरल्यावर मी बाबांचं हातगिरमिट घेऊन काठाजवळ भोकं पाडायला लागले. पट्टी आत घालायची, खालच्या कडेला अडकवायची, आकडा वाचायचा. वेंडेला धक्क्यावर बसून बघत असे.

"इतकी मेहनत कशाला करतेस गं?" तिने एकदा विचारलं. तिने काठावरचा एक गोटा उचलून बर्फावरून लांब फेकला. गोटा उसळ्या घेत गेला आणि बर्फातून एक सूर निघाला, तारेवरून काहीतरी सरकत जावं तसा. "हे वासरू आहे. तिकडे लव्हाळ्यापाशी मांजर असेल."

"काय बोलतेस?"

"जाड बर्फ गाईसारखं हंबरतं. त्याहून पातळ ते वासरू. मग मांजर. आणि डासासारखं वाजलं की मागे फिरायचं."

"असं कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? बेटावर दुसरं काय ऐकणार? तुमच्यासारखा रेडिओ आहे का आमच्याकडे?"

मी लव्हाळ्यापाशी भोक पाडलं. धक्क्याजवळ सहा सेंटिमीटर होतं, तिथे चार भरलं. तिने आणखी चार ठिकाणी गोटे फेकून आधी सांगितलं, मग मी मोजलं. चारही वेळा तिचं बरोबर आलं. मी वहीत फक्त माझे आकडे लिहिले. वासराला एकक नव्हतं.

रोज संध्याकाळी पाचला एलोफ माळ्याच्या खिडकीत कंदील ठेवत असे. म्हणजे सगळं ठीक. वेंडेला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून तो ठिपका दिसेपर्यंत जेवायला बसत नसे. तिला आई नव्हती. बेटावर बाप, एक म्हातारी गाय, एक मांजर आणि जाळी, एवढंच.

मग एका मंगळवारी कंदील दिसला नाही. बुधवारीही नाही.

"धुकं असेल," आई म्हणाली.

"धुकं नाही, काकू. पलीकडची झाडं दिसत होती."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "बर्फ एलोफच्या फांद्या लागल्यावरच ओलांडायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याने वाट आखली की दुसऱ्या क्षणी मी स्वतः जातो."

ही आमच्याकडची रीतच होती. बर्फ पेलायला लागलं की एलोफ बेटाकडून पहार आपटत निघे आणि वीस-वीस पावलांवर जुनिपरच्या सदाहिरव्या झुडपाची फांदी रोवत काठापर्यंत येई. त्याच्या आधी कुणी पाऊल टाकत नसे.

"पण तो आजारी पडला असेल तर फांद्या कोण लावणार?" वेंडेला म्हणाली.

त्या रात्री अंथरुणात ती रडली नाही. नुसती उघड्या डोळ्यांनी पडून राहिली. तिचे पाय गार होते. मी माझे पाय तिच्या पायांवर ठेवले आणि म्हटलं, "काल सात सेंटिमीटर होतं. धक्क्यापासून तीन जागी मोजलं. तीनही जागी सात. सात एका माणसाला आरामात पेलतं."

"नक्की?"

"वहीत आहे."

गुरुवारी मधल्या सुट्टीत आम्ही निघालो. रात्री दव गोठून सगळं सरोवर पांढरं झालं होतं, त्यामुळे बर्फ काळं आहे की राखाडी ते दिसत नव्हतं. आमच्या पावलांचे ठसे मात्र स्पष्ट उमटत होते. मी पुढे, वेंडेला दहा पावलं मागे, खिशात गोटे भरून. मी माझ्या तीन भोकांवरून नजर लावली आणि तीच रेषा सरळ बेटाच्या टोकापर्यंत नेली. तीन बिंदू एका रेषेत आले की पुढचंही सांगता येतं, हे मी नुकतंच शिकले होते.

अर्ध्यावर पोचलो तेव्हा ती म्हणाली, "बार्ब्रो, थांब."

"का?"

"तुझी पावलं ऐक."

मी ऐकलं. मला पावलंच ऐकू आली.

"गाय होती, आता मांजर झालीय. चढत चाललाय सूर."

"तीनही जागी सात होतं, वेंडेला!"

"तिथे होतं. आपण तिथे आहोत का, शहाणे?"

तिने माझ्या डोक्यावरून एक गोटा पुढे फेकला. तो बेटाच्या दिशेने घसरत गेला आणि त्याच्यामागे एक बारीक, चिरका आवाज उठला. डास. मलाही कळला. माझ्या बुटांखालून तो आवाज पलीकडच्या टेकडीपर्यंत गेला आणि परत आला, आणि पहिल्यांदाच मला जाणवलं की आपण एखाद्या प्रचंड वाद्याच्या ताणलेल्या कातड्यावर उभ्या आहोत आणि आपल्याखाली अंधारं पाणी आहे.

"आडवी हो," ती हळूच म्हणाली. "पोटावर. तशीच मागे सरक. घाई नको, मी आहे इथे."

मी सरकले. गाल बर्फाला लागला होता. आत खोल कुठेतरी काहीतरी सतत गुणगुणत होतं. वेंडेला डावीकडे गोटा फेकी, ऐके. उजवीकडे फेकी, ऐके. चेहऱ्यावर भीती नव्हती. वर्गात पाढे म्हणताना खाली बघणारी मुलगी ती हीच, यावर माझा विश्वास बसेना.

"उजवीकडे वासरू आहे. चल, माझ्या पावलावर पाऊल टाक."

आता ती पुढे होती. तिने मला मोठ्या वळणाने नेलं, बेटापासून लांब, मला तर उलट दिशेनेच वाटलं. गोटे संपले तेव्हा तिने खिशातली कुरकुरीत रोटी फेकायला काढली.

"ती वाजेल?"

"नाही वाजली तर खाऊ."

वाजली नाही. तिने टाच आपटून ऐकलं, मान हलवली आणि पुढे गेली. थोड्या वेळाने मला हिरवा ठिपका दिसला. जुनिपरची फांदी. तिच्यापलीकडे दुसरी, तिसरी. आणि शेवटच्या फांदीशी हातात पहार घेतलेला एलोफ, दगडासारखा उभा.

"बाबा!" ती ओरडली. "कंदील का नाही लावला?"

"काच फुटली," तो म्हणाला.  "काच फुटली गं, माझी बाय. मांजराने पाडला."

त्याने तिला उचललं, मग खाली ठेवून दोघींना अशा शिव्या दिल्या की त्या मी वहीत कधीच लिहिल्या नाहीत.  मग त्याची नजर आमच्यामागे गेली.

मीही वळून बघितलं. दवावर आमचे ठसे उमटले होते. काठापासून माझी सरळ रेघ येत होती, एका जागी तुटत होती, आणि तिथून वेंडेलाची वाट वाकून एलोफच्या फांद्यांना येऊन मिळत होती. फांद्याही सरळ नव्हत्या. बेटाच्या टोकापासून त्या तशाच वाकत आल्या होत्या, त्याच एका जागेला वळसा घालून. दोन्ही मिळून एकच कमान झाली होती.

"तिथे खालून ओढ्याचं पाणी येतं," एलोफ म्हणाला. "माझ्या बापाने मला दाखवलं. हिला मी अजून सांगितलं नव्हतं."

तो पोटावर सरपटत गेला आणि हात लांब करून, माझी रेघ जिथे जाणार होती तिथे त्याने पहार टेकवली. आपटावी लागली नाही. ती आपल्याच वजनाने आत गेली आणि भोकातून काळं पाणी वर आलं.

एलोफ तसाच मागे सरकत आला. मग त्याने उरलेल्या फांद्यांचा भारा वेंडेलाच्या हातात दिला.

"काठापर्यंतच्या तू लाव," तो म्हणाला. "मी मागून येतो."

ती निघाली. मी तिच्यासाठी भारा धरून चालत होते. प्रत्येक फांदीपाशी ती टाच आपटे आणि मी वही काढे. त्या दिवशीच्या पानावर आकडे नाहीत. नुसतं गाय, वासरू, वासरू, गाय असं खालपर्यंत लिहिलेलं आहे. समोर काठावर, पुढे फांद्या रोवत येणाऱ्या वेंडेलाकडे बघत, माझे वडील डोक्यावरची टोपी काढून उभे होते.