शनिवारी बरं असणारं मशीन

मखमलाबादच्या त्या घरात शुभांगीचं स्वतःचं म्हणावं असं एकच काही होतं, आणि आजारी पडायचं तर नेमकं तेच पडलं.

बाकी सगळं ती लग्न होऊन आली तेव्हा आयतंच होतं. झेंडूचा मळा, सासूबाईंच्या हाताखालची भांडी, कुठला डबा कुठल्या फळीवर याचे नियमसुद्धा. पण फुलांचे क्रेट ठेवायच्या खोलीतलं मशीन तिनं एकटीनं उभं केलं होतं. लोखंडी मांडणीवर सहा ग्राफिक्स कार्डं. त्यांनी अखंड गणितं सोडवायची आणि त्याबदल्यात इंटरनेटवरची नाणी मिळवायची, एवढंच त्यांचं काम. अंबडच्या कंपनीतली नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी एकेक वायर जोडत तिनं ते सुरू केलं, तेव्हा ती स्वतःच आनंदानं खोलीभर नाचली होती.

मशीन सुरू झालं त्या दिवशी सासूबाईंनी, म्हणजे साळूबाईंनी, अख्खी गल्ली ऐकेल अशा आवाजात जाहीर केलं होतं, "ही घरघर आली ती आली. मी काय त्या खोलीत पाऊल टाकायची नाय!" आणि साळूबाई एकदा बोलल्या की ब्रह्मदेव आला तरी शब्द मागं घ्यायच्या नाहीत.

तर या मशीनचा गणिताचा वेग मोबाइलवर दिसायचा. नेहमीचा आकडा एकशे ऐंशी. मार्गशीर्षात एका सोमवारी दुपारी तो धपकन एकशे दहावर आला. कार्डं तापली होती, आणि फार तापलं की कार्ड आपणहून हळू चालतं. संध्याकाळी शुभांगी घरी येऊन बघते तर सगळं थंडगार, आकडा परत एकशे ऐंशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं.

मग काय, ती हात धुऊन त्याच्या मागं लागली. ब्लोअरनं धूळ उडवली. कार्डं उघडून आतली उष्णता वाहून नेणारी, वाळलेली पेस्ट खरवडली, नवी लावली. वायरी बदलल्या, वीज कमी घेईल असं सेटिंग केलं, कार्डं चालवणारं सॉफ्टवेअर जुनं टाकलं, परत नवं टाकलं. दुपार झाली की मशीन आपलं पुन्हा मान टाकायचं.

"विकून टाक," ज्ञानेश म्हणाला. तिचा नवरा तसा भला माणूस, पण त्या आवाजानं त्याचं डोकं उठायचं, त्यामुळे खोलीकडे तो फिरकायचाच नाही. "सिन्नरचा लखन जुनी कार्डं घेतो. रविवारपर्यंत सुधारलं नाही तर त्याला बोलावतो. उगाच वीज जाळायची का?"

शुभांगीला ते विकायचं नव्हतं. पण आकडा तर सगळ्यांसमोर होता.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या दहा दिवसांचा आलेख बघत बसली. रोज अकराला घसरण, पाचला सुधारणा. फक्त शनिवारी मशीन ठणठणीत. आणि तिच्या कंपनीला सुट्टी शनिवारचीच! म्हणजे ती घरी असली की मशीन बरं, ती बाहेर पडली की आजारी. असला कसला हा लाडावलेला आजार?

गुरुवारी तिनं अर्धा दिवस रजा टाकली आणि दोन वाजता हळूच खोलीचं दार लोटलं.

आत भट्टी पेटल्यासारखं गरम. हवा बाहेर फेकणारा पंखा बंद, खिडकीत गोधडी कोंबलेली. मशीनच्या मागं खाट, खाटेवर गुलाबी, हिरव्या, पिवळ्या कुरडयांच्या रांगा. आणि शेजारी क्रेट उलटा घालून त्यावर बसलेल्या साक्षात साळूबाई!

"अगं बाई!" त्या ताडकन उठल्या. "तू कशी आत्ता? कंपनी बुडाली का काय तुझी?"

"आई, तुम्ही? या खोलीत?"

साळूबाई पदरानं तोंड पुसू लागल्या. दीपमालाचं, शुभांगीच्या नणंदेचं, लग्न घाईनं ठरलं होतं. रुखवतात रंगीत कुरडया मांडल्या नाहीत तर व्याही मंडळी काय म्हणतील? आणि आभाळ तर दहा दिवस भरून आलेलं, उन्हाचा पत्ता नाही. दाराशी उभं राहिल्यावर ऊब लागली, म्हणून त्यांनी एक ताट आत सरकवून पाहिलं. संध्याकाळपर्यंत कुरडया खडखडीत! तेव्हापासून सून कामावर गेली की रोज ऊब कोंडायला पंखा बंद, खिडकी बुजवलेली.

"लय गुणाचं हाय गं तुझं मशीन," त्या कुजबुजल्या. "पण कुणाला सांगू नको. गल्लीत तोंड दाखवायची सोय राहायची नाय मला."

"मग खाट खिडकीबाहेर टाकू. पंखा गरम हवा बाहेरच फेकतो, वर ताडपत्री बांधू."

"खुळी का काय! बाहेर टाकली तर समोरच्या फुलाबाईला दिसंल की! अजून एक घाणा राह्यलाय, रविवारी होतोय."

शुभांगीनं गोधडीकडे पाहिलं, मग सासूच्या उतरलेल्या तोंडाकडे. राग आला होता, भरपूर आला होता. पण एवढी तोऱ्याची बाई क्रेटवर चोरासारखी बसलेली पाहून तो ओसरला. "नाही सांगत," ती म्हणाली आणि गपचूप बाहेर आली.

रविवारी तिनं रजा घेतली. लखन आला, ओट्यावर बसून मोबाइलवरचा आकडा बघत राहिला. एकशे आठ. "वहिनी, कार्डं दमली. भंगारातच जायची."

"ने बाबा," ज्ञानेश म्हणाला.

शुभांगी एक वाक्य बोलली असती तर काम झालं असतं, पण शब्द दिला होता. ज्ञानेश आणि लखन खोलीकडे निघाले तसे तिचे डोळे भरून आले.

"हात लावायचा नाय!"

चिकानं माखलेले हात घेऊन साळूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि दाराला आडव्या झाल्या. "मशीनला कायबी झालेलं नाय. मी नाक दाबलंय त्याचं. मी! आणि ही पोरगी माझ्यापायी तोंड शिवून बसलीय."

ज्ञानेशनं आ वासला. साळूबाईंनी आत जाऊन गोधडी ओढून काढली, पंख्याचं बटण दाबलं. चौघंही मोबाइलवर डोकं घालून उभे. एकशे वीस. एकशे पन्नास. थोड्या वेळानं एकशे ऐंशी! लखनचा चेहरा खुलला. "अरे वा! मग चांगल्या भावानं घेतो की."

"चहा घे आणि सिन्नर गाठ," साळूबाई म्हणाल्या.

खाट खिडकीबाहेर आली, वर ताडपत्री लागली. समोरच्या फुलाबाई लगबगीनं येऊन ठाकल्याच. "काय हो साळूबाई, पाऊल टाकायच्या नव्हत्या ना त्या खोलीत?"

"टाकलं," साळूबाई शांतपणे म्हणाल्या. "रोज टाकत हुते. बोलण्यात चुकले मी."

फुलाबाईंनी वाळत घातलेली एक कुरडई बोटानं दाबून पाहिली. "पण वाळतात हो छान. कुठून आणलं हे मशीन?"

"आणलं नाय. बनवलंय," साळूबाई म्हणाल्या. "आमच्या शुभांगीनं. एकटीनं."

शुभांगी खिडकीच्या आतल्या बाजूला उभी होती. तिनं ते ऐकलं आणि तिथंच क्रेटवर बसून मनसोक्त रडून घेतलं.