एकतीस इंच

"जरा स्टुलावर बस," लोहार म्हणाला आणि मोजपट्टीचं एक टोक त्याने बायकोच्या पायाशी, जमिनीवर दाबून धरलं.

ती बसली. त्याने पट्टी वर ओढत तिच्या कोपरापर्यंत आणली, डोळे बारीक करून आकडा पाहिला आणि शेडच्या भिंतीवर खडूने एकतीस लिहिलं. मग खडू कानामागे अडकवून तो पुन्हा आपल्या लोखंडी खांबांकडे वळला. कशाला मोजलं ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. मोजायचं भूत एकदा मानगुटीवर बसलं, की हा माणूस दाराची कडी, बादली, झोपलेलं मांजर, काहीही मोजत सुटायचा.

भाड्याची जागा सुटल्यापासून घरामागच्या या शेडमध्ये त्याचं हेच चाललं होतं. भट्टी तयार झाली होती. एका जुन्या पिंपाला आतून आग सोसणाऱ्या लोकरीचं अस्तर लावून, वर भट्टीच्या मातीचा थर देऊन त्याने बाजूने गॅसचा बर्नर बसवला होता. आता प्रेस उभा राहत होता. चार जाड खांबांची चौकट, तिच्या डोक्यावर भंगारातून आणलेला हायड्रॉलिक सिलिंडर, शेजारी मोटर आणि तेलाची टाकी. लिव्हर ओढला की सिलिंडर खाली येणार आणि तापलेलं लोखंड कणकेसारखं दाबणार. जिथे वीस घाव लागत, तिथे एका दाबात काम होणार होतं.

ते वीस घाव आजवर लोहारणीचे होते.

बत्तीस वर्षं तिने घण मारला. सांडशी आणि छोटी हातोडी त्याच्या हातात, घण तिच्या. तो हातोडीने जागा दाखवायचा, टिक. ती तिथेच घण आणायची, धाड. मोकळ्या ऐरणीवर त्याने एकदा ठोकलं, की थांबायचं. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागणारच, पण यांच्या भांडणाची गंमत अशी, की अबोला कितीही दिवस चालला तरी ऐरणीवरचं बोलणं कधी बंद पडलं नाही. सकाळी चहा न बोलता, जेवण न बोलता आणि मधले आठ तास टिक-धाड, टिक-धाड. संध्याकाळपर्यंत कोण कोणावर रागावलं होतं तेच दोघं विसरून जायची.

उन्हाळ्यात तिचा उजवा खांदा गेला. डॉक्टरने फोटो उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "घण आता विसरायचा." त्याच आठवड्यात लोहार भंगारवाल्याकडे गेला आणि सिलिंडर घेऊन आला. त्याने एक दिवससुद्धा दम धरला नाही, हे तिच्या मनातून जाईना.

दुपारी ती चहा घेऊन शेडमध्ये गेली, तेव्हा वेल्डर वाद घालत होता. खिशात कायम कोन तपासायचा गुण्या बाळगायचा आणि बोलायचाही तसाच सरळ, म्हणून त्याला सगळे काटकोन म्हणत.

"मिस्त्री, लिव्हर त्या खांबाला कशाला? तुम्ही सांडशी धरून इथे उभे राहणार. तिथवर हात पोचायचा नाही तुमचा."

"राहू दे."

"त्यापेक्षा पायाचं पेडल लावू. सांडशी हातात, पेडल पायाखाली. एकटा माणूस चालवेल."

"तिथेच राहू दे म्हणतो ना."

काटकोनने चहाचा कप घेतला आणि लोहारणीकडे बघून डोळे मोठे केले. वय झालं मिस्त्रीचं, असा त्याचा अर्थ होता. तिलाही तो पटला. माणसाने आयुष्यभर सुताचाही फरक पडू दिला नाही आणि आता हातभर चुकला. तिला थोडं बरंही वाटलं. मग एकटा माणूस चालवेल हे शब्द आठवले आणि ते बरं वाटणं संपलं.

दुसऱ्या दिवशी ती शेड झाडायला गेली. कोपऱ्यात घणाचं नुसतं डोकं पडलं होतं. दांडा नव्हता. तो दांडा तिच्या हाताने घासून घासून काळा, गुळगुळीत झाला होता आणि जिथे अंगठा टेकायचा तिथे लाकडाला चांगला खळगा पडला होता. तिने पत्र्यांच्या मागे पाहिलं, लाकडांच्या ढिगात पाहिलं.

"अहो, घणाचा दांडा कुठाय?"

"काढला," तो पाइप जोडता जोडता म्हणाला. "घणात राहून आता काय उपयोग त्याचा?"

तिने झाडू भिंतीला टेकवला आणि घरात गेली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय. तिला वाईट वाटलं आणि एवढ्याशा लाकडासाठी वाईट वाटावं याचा रागही आला. लेक गेले दोन महिने फोनवर मागे लागली होती. आई, आता मशीन येतंय ना, मग तू ये इकडे. आल्यावर बघू, राहा हवं तितकं. आजवर तिचं एकच उत्तर असायचं, की माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही. त्या दिवशी तिने फोन लावला आणि म्हणाली, "रविवारी येते. परतायचं नंतर बघू."

रात्री जेवताना तिने त्याला तेवढंच सांगितलं. त्याने घास चावून संपवला.

"बरं," तो म्हणाला. "खांद्याला आराम पडेल."

बोलायची वेळ आली की या माणसाच्या तोंडाला कुलूप लागायचं आणि किल्ली कुठे ठेवली ते त्याला स्वतःलाही माहीत नसायचं. तरीही तिला वाटलं होतं, की तो निदान पुढचा घास थांबवेल.

रविवारी सकाळी तिची पिशवी भरून दारात ठेवलेली होती. शेडमधून भट्टीचा घुमणारा आवाज येत होता. तो दारापर्यंत आला, पिशवीकडे त्याने बघितलं न बघितलं असं केलं.

"जायच्या आधी एकदा चालवून बघू."

"काटकोन आहे ना."

"आहे. तू ये."

ती गेली. नाही म्हटलं तरी बघायचं होतंच. काटकोन मोटर सुरू करून हात पुसत उभा होता. भट्टीत कुऱ्हाडीच्या पात्याचं लोखंड लाल होत होतं. लोहाराने सांडशी उचलली तसा काटकोन खांबाला वळसा घालून लिव्हरकडे निघाला.

"तू नको," लोहार म्हणाला. "तिला बसू दे."

खांबाच्या पलीकडे तिचं स्टूल ठेवलेलं होतं. ती जाऊन बसली. उजवा हात मांडीवर राहिला, कारण तिथे उजव्या हाताला काही कामच नव्हतं. डावा हात पुढे झाला आणि कोपर न उचलता, खांदा न हलवता सरळ लिव्हरवर पडला. मूठ लाकडी होती. काळी, गुळगुळीत. अंगठा सरकत गेला आणि खळग्यात बसला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत झाली होती तिची. दांडा कापून अर्धा केला होता, पण कापताना खळगा राखला होता. तिने भिंतीकडे पाहिलं. खडूचा एकतीस अजून तिथेच होता.

तिने खळग्यातून अंगठा एकदा फिरवला. मग म्हणाली, "हे डाव्या हाताला का लावलंत?"

लोहार भट्टीत बघत होता.

"चुकलं माप," तो म्हणाला.

"मी त्याच दिवशी सांगत होतो," काटकोन म्हणाला. "अजूनही पेडल बसवता येईल, अर्ध्या तासाचं काम आहे."

लोहाराने लोखंड बाहेर काढायला सांडशी आत घातली.

"थांबा," ती म्हणाली. "अजून पिवळं व्हायचंय. चिराल घाईने."

तो थांबला. रंगाची पारख त्याच्यापेक्षा तिची चांगली होती, हे तो परक्यांपुढे कधी कबूल करत नसे, पण थांबत मात्र नेहमी असे. तिने मान हलवल्यावर त्याने लोखंड काढलं, प्रेसच्या जबड्यात धरलं आणि तिच्याकडे बघितलं. तिने लिव्हर ओढला. सिलिंडर सावकाश उतरला, वरचे पोपडे तडतडत उडाले आणि लोखंड हू की चू न करता पसरलं. आवाज जवळजवळ नव्हताच. तिला चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

तेवढ्यात लोहाराने टाचेने पायाखालच्या जाड पत्र्यावर ठोकलं. एकदाच, मोकळ्या ऐरणीवर ठोकायचा तसं. टिक.

काय करायचं याचा विचार करण्याआधीच तिचा हात सुटला होता. सिलिंडर वर गेला. त्याने लोखंड उलटवलं, पुढची जागा जबड्याखाली आणली आणि तिने पुन्हा ओढला. त्या दाबात तिचे डोळे भरून आले आणि दोन्ही हात कामात असल्याचं निमित्त करून लोहाराने तिच्याकडे बघायचं टाळलं.

लोखंड पुन्हा भट्टीत गेलं, तेव्हा दारातल्या पिशवीत फोन वाजला. काटकोन जाऊन घेऊन आला.

"लेकीचा आहे. निघालात का, विचारतेय."

लोहार सांडशी हातात धरून तसाच उभा राहिला.

"तिला म्हणावं, खांदा बरा आहे," लोहारीण लोखंडाच्या रंगावरची नजर न काढता म्हणाली. "आणि हात गुंतलाय."