पाठीमागून बोला, महाराज

जपानमधल्या एदोगावा भागातल्या कम्युनिटी हॉलमध्ये रविवारी सकाळी दीडशे मराठी माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि दीड वर्षाची बहिरी राधिका नादानंद महाराजांशी गप्पा मारत होती.

हो, गप्पाच. महाराज म्हणत, "बाळे, ऐकतेस ना?" आणि थांबत. राधिका म्हणे, "आआ." महाराज म्हणत, "आईला सांगू का?" पुन्हा थांबत. "आ-बा." एकदाही ती मध्येच बोलली नाही, एकदाही तिचं उत्तर चुकलं नाही. बायका डोळे पुसत होत्या. माझा मुलगा अनुराग, एवढा मोठा सॉफ्टवेअरवाला, हात जोडून बसला होता.

"बघा माउली," महाराज राधिकाच्या आईला, स्नेहलताला म्हणाले, "डॉक्टर चामड्याचा कान तपासतो. आमचा नाद आत्म्याच्या कानात जातो. एवढ्याशा डोक्याला भोक पाडून यंत्र घालायचं? छे छे. तिसऱ्या वाढदिवसाला पोर घडाघडा बोलेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बत्तीस वर्षं मी पुण्यात कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवलंय. राधिकाचं कानाचं ऑपरेशन येत्या गुरुवारी ठरलं होतं. मेंदू भाषा शिकतो तो याच वयात, ही वर्षं गेली की गेली. स्नेहलता अनुरागच्याच बिल्डिंगमध्ये राहते; हे सगळं मी तिला घरी बसवून समजावलं होतं.

मी उठले. "महाराज, आता पाठीमागून बोला."

"माउली, श्रद्धेची परीक्षा घेऊ नये."

"श्रद्धेची नाही, कानाची घेतेय."

"होऊ दे ना महाराज," स्नेहलता भाबडेपणाने म्हणाली. "आमचाही विश्वास पक्का होईल."

आता नाही कसं म्हणणार? महाराज उठून मायलेकींच्या मागे गेले. "बाळे, ऐकतेस ना?" काही नाही. जरा मोठ्याने. काही नाही. मग असे ओरडले की मागच्या रांगेतलं एक तान्हं मूल दचकून रडायला लागलं. राधिका आईच्या बांगडीशी खेळत होती.

मग मी तिच्यासमोर बसले. आवाज न काढता नुसते ओठ हलवले, तोंड मिटलं, भुवया उचलल्या आणि तिच्याकडे बघत राहिले.

"आआ," राधिका म्हणाली.

पुन्हा केलं. "आ-बा."

"पोर ऐकत नाहीये, बघतेय," मी म्हणाले. "बोलणं हा पाळीपाळीचा खेळ आहे. शब्द यायच्या आधी बाळांना पाळी कळते. समोरच्याचं तोंड मिटलं, नजर आपल्यावर थांबली, की आपण बोलायचं. हुशार आहे म्हणून तिला हे जमतं. आणि ती मध्ये बोलेलच कशी? तिने तोंड उघडलं की महाराज गप्प, ती थांबली की हे सुरू. वेळ हे साधतात, चमत्कार तिच्या नावावर."

मी अनुरागकडे वळले. "तुझे जपानी क्लायंट मीटिंगमध्ये दर वाक्याला 'हाय, हाय' म्हणायचे, तेव्हा तू काय केलं होतंस?"

त्याने मान खाली घातली. "त्यांच्या भाषेत 'हाय' म्हणजे 'हो', म्हणून होकार समजून कामाला लागलो होतो. ते नुसतं 'ऐकतोय, पुढे बोला' असं म्हणत होते. तीन आठवड्यांचं काम फुकट गेलं, आई."

"एकदा तोंडघशी पडून शिकलास ना? आणि इथे एवढ्याशा पोरीच्या 'आ'चा अर्थ लावत बसलात. लाज वाटायला हवी."

"ज्याची जशी भावना," महाराज शाल सावरत पुटपुटले.

"स्नेहलता," मी म्हणाले, "गुरुवारी मीही हॉस्पिटलात येईन."

ती नवऱ्याकडे, नंदकिशोरकडे वळली. त्याला माझ्याकडे बघवेना. "काकू, मी शुक्रवारीच फोन करून तारीख सोडली. महाराजांनी सांगितलं होतं. आता चार महिन्यांनंतरची मिळतेय."

स्नेहलताने पोरीला छातीशी धरलं आणि ती ढसाढसा रडली.

महाराज सोमवारच्या विमानाने गेले. त्यांचं काय गेलं? चार महिने गेले ते राधिकाचे, आणि ते हॉलमधले दीडशे पदवीधर मिळूनही तिला परत देऊ शकत नाहीत. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. म्हणून हात जोडून सांगते: मूल हाकेला ओ देत नसेल तर त्याच्या पाठीमागे उभं राहून हाक मारून बघा. वळलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि डॉक्टरने दिलेली तारीख कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका.