बेसच्या बाजात खोबरेल

मोतीलालकाकांच्या बाजातून पहिल्यांदा जे बाहेर आलं तो सूर नव्हता, झुरळ होतं. चांगलं बोटभर, तपकिरी, मिशा हलवत भोंग्याच्या काठावर येऊन थांबलेलं. जसं काही घरमालकच ओट्यावर येऊन विचारतोय, काय गं पोरींनो, कोण पाहिजे?

बरोबर आलेली मैत्रीण रजनी किंचाळत गल्लीच्या टोकापर्यंत पळाली. कोकिळा पळाली नाही. पळणं तिनं याच वर्षी सोडलं होतं. गेल्या वर्षापर्यंत ही पोरगी वर्गात सगळ्यात उंच म्हणून पोक काढून चालायची, बाईंनी नाव घेतलं की बाकाखाली काहीतरी शोधायला लागायची. मग गणपतीत भाषणाचं पहिलं बक्षीस काय मिळालं, तेव्हापासून बाईंचा प्रश्न संपायच्या आत हिचा हात वर! त्याच हातानं तिला आज राजपुऱ्यात, बँडवाल्याच्या दारात, झुरळासमोर आणून उभं केलं होतं.

झालं असं, की छप्पन सालच्या एक नोव्हेंबरला नवं राज्य सुरू होणार होतं. नागपूर तिकडे मराठी मुलखात चाललं होतं, आपलं बुऱ्हाणपूर इकडे हिंदी मुलखात राहत होतं, राजधानी भोपाळ होणार होती आणि भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा एका रात्रीत खोटा ठरणार होता. त्या सकाळी शनवाऱ्यापासून राजघाटापर्यंत सगळ्या शाळांची मिरवणूक. आणि पुढे बँड कोणाचा, तर मुलींच्या शाळेचा! गाण्याच्या सुलभाबाईंनी हे भांडून मिळवलं होतं. समितीनं हो म्हटलं, पण शेपूट लावून: शनवाऱ्याच्या दरवाजाशी पहिली धून मुली वाजवतील. जमली तर ठीक, नाहीतर मागे उभा असलेला मुलांचा बँड पुढे येईल.

मुलींकडे बासऱ्या होत्या, ढोल होते, झांजा होत्या. बेस नव्हता. खालचा जाड सूर नसला की बासऱ्यांचा आवाज कसा लागतो ते मुलांच्या बँडातल्या नंदकुमारनं शाळेच्या कुंपणावर बसून सगळ्या गावाला सांगितलं होतं. "मच्छर बँड आला रे! मच्छरदाणी लाव!"

"बेस कोण वाजवील?" सुलभाबाईंनी विचारलं आणि कोकिळाचा हात वर.

मोठा पितळी बाजा गावात मोतीलालकाकांकडेच होता. लग्नात वाजवायचे. पण आषाढातल्या एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्यात लग्नं नाहीत, म्हणून ते चार महिने काका केळीचे घड गाड्यांत भरायच्या कामाला जायचे आणि बाजा भिंतीवर खिळ्याला. पावसाळाभर. तोंडात पोत्याचा बोळा कोंबून.

तो बोळा काकांनी आत्ता ओढून काढला होता आणि झुरळामागून वास आला होता. कसा सांगू? ओली गोणी, नासलेलं ताक आणि तंबाखू एकत्र करून चार महिने झाकून ठेवलं तर येईल तसा. काकांनी बाजा उलटा धरून आपटला. हिरवट काळं, लगद्यासारखं काहीतरी ओट्यावर पडलं.

"हे काय आहे?" कोकिळानं नाक धरून विचारलं.

"मागचा हंगाम," काका म्हणाले. गालात तंबाखू होतीच. "वैशाखात बावीस लग्नं वाजवली. माणसाच्या तोंडातलं पाणीच असते ते, दुसरं काय?"

"ईऽऽ!"

"ई काय? सूर का कोरडा येते?"

मग त्यांनी तिला बाजा खांद्यावर कसा चढवायचा ते दाखवलं. पट्ट्याखाली चौघडी फडकं, नाहीतर राजघाटापर्यंत खांदा सोलून निघतो. श्वास छातीतून नाही, बेंबीतून. नळ्यांच्या जोडांवर केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, धागा गुंडाळलेला असतो, तो सुटला की हवा जाते. आत पाणी साठून गुळगुळ व्हायला लागलं की बाजा फिरवून फिरवून ओतायचं, खाली कोणाचे पाय आहेत ते बघून. आणि तीन दट्टे. बोटानं दाबले की खाली जातात, सोडले की वर येतात, त्यांच्यावर सगळी धून.

"अडकले तर?"

"झाकण फिरव, दट्ट्या वर ओढ आन् थू." काकांनी करून दाखवलं. तांबूस तार लोंबली, दट्ट्या सटकन आत गेला. "तेल नको घालू हा बिलकुल. थुंकी."

"पण तेल काय वाईट आहे?"

"थुंकी आंगातली असते, पोरी. कोमट. ती गोठत नाही."

कोकिळा दोन पावलं मागे सरकली. तरी तिनं बाजा उचलला.

घरी आईनं तो मागच्या दारानं आत घेतला. आई म्हणजे मालतीबाई, स्वच्छतेत सगळ्या गल्लीत एक नंबर. तांब्याला बोट लागलं तर तांब्या पुन्हा घासायची. पण सकाळ-संध्याकाळ मिशरी लावून मोरीत काळी पिचकारी मारायची ती काही कोकिळाच्या डोळ्यांतून सुटलेली नव्हती. म्हणजे जाळलेली तंबाखू आपली चांगली आणि कच्ची तंबाखू मोतीलालची घाण!

"बाबा हो म्हणाले म्हणून मी गप्प," आई म्हणाली. "पण ऐक. तू काही बँडवाली नाहीस. चार लोकांत थुंकणं-बिंकणं, तोंडातलं गाळणं, असलं एकदा जरी दिसलं ना, त्याच दिवशी हा भोंगा ज्याचा त्याच्या घरी. पुन्हा नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," कोकिळा म्हणाली. मनापासून म्हणाली. तिला तरी कुठे थुंकायचं होतं!

मग मायलेकींनी बाजा धुतला. चिंच लावून बाहेरून घासला, आत बादल्या ओतल्या. पहिली बादली काळी, दुसरी हिरवी, तिसरीतून सुपारीची खांडं आणि एक पाल आली. पाल वाळलेली होती, हे त्यातल्या त्यात बरं. तोंडाला लावायची पितळी वाटी आईनं कडुलिंबाच्या पाण्यात तीनदा उकळली आणि ते पातेलं फेकून दिलं. तरी कोकिळानं वाटीला ओठ लावले की तिला मोतीलालकाकांचा गाल दिसायचाच. वाजवताना ती डोळे मिटून घ्यायची.

धुतल्यावर दट्टे कुरकुरायला लागले.

"तेल घालू नको म्हणाले काका."

"त्याला काय कळतंय!" आईनं फडताळातून माका घातलेलं हिरवं खोबरेल काढलं. "आपल्या डोक्याला चालतं आणि त्या पितळेला चालत नाही?"

आणि चाललं की! दुपारी शाळेच्या पटांगणात ऊन पाठीवर घेऊन कोकिळानं फुंकलं तेव्हा दट्टे असे पळाले जसे मांजराच्या पायांवर. पोंऽ, पोंऽ, खाली जाड सूर बसला आणि बासऱ्या त्याच्यावर उभ्या राहिल्या. सुलभाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कुंपणावरचा नंदकुमार मुकाट उतरून गेला. बाजातून केसांच्या तेलाचा वास येत होता. मोतीलालकाकांना काय कळतंय, कोकिळाला वाटलं. थुंकी म्हणे!

एक नोव्हेंबर. दिवाळी ऐन तोंडावर, पहाटे दातावर दात वाजत होते. बाजा रात्रभर पडवीत होता. शेजारी झोपलेले म्हणून कोकिळानं घरी काही फुंकून पाहिलं नाही. शनवाऱ्याच्या दरवाजाशी ही गर्दी! झेंडे, फेटे, पाहुणे, पेढ्यांची ताटं. एका बाजूला बायका आरत्या घेऊन, त्यांत आई, नवं लुगडं नेसून, ताठ. मागे मुलांचा बँड, नंदकुमार काठ्या फिरवत.

पट्टा खांद्यावर चढवून कोकिळानं पहिला दट्ट्या दाबला. गेला. आणि गेला तो गेलाच. वर येईना. दुसरा दाबला तर खालीच जाईना. तिसरा अर्ध्यात. तिनं झाकण फिरवून पाहिलं. आत पांढरं, मेणासारखं, थिजलेलं खोबरेल! वर माक्याची हिरवी घाण. आईच्या बाटलीत थंडीत गोठतं, रोज सकाळी चुलीशी ठेवावं लागतं. हे काय तिला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं! डोक्याचं माहीत होतं, बाजाचं सुचलं नाही.

"काय झालं गं?" शेजारी बासरी घेऊन उभी असलेली रजनी कुजबुजली.

"गोठलं."

"मग आता?"

सुलभाबाईंनी मागे वळून बघितलं, हाताची पाच बोटं वर केली. पाच मिनिटं. समितीचे एक फेटेवाले घड्याळ बघून म्हणाले, "नहीं तो लड़के तैयार हैं." नंदकुमारनं ढोलावर एक हलकीच थाप दिली. गुंऽ! मच्छरासारखी.

कोकिळानं आईकडे बघितलं. आई तिच्याकडेच बघत होती. कबूल, असं तिनं स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं. थुंकली तर बाजा आज जाणार. नाही थुंकली तर आत्ता, इथं, सगळ्यांसमोर जाणार, आणि एकटा नाही जाणार, बाईंना आणि सगळ्या पोरींना घेऊन जाणार.

तिनं दट्ट्या ओढून वर काढला आणि तोंड पुढे केलं. पण थुंकी कुठाय? भीतीनं तोंड असं कोरडं, जसा उन्हातला पापड.

"रजनी, थुंक."

"काय?"

"इथे. थुंक म्हणते ना!"

"शी! वेडी आहेस का तू?"

"मग चिंच दे. तुझ्या खिशात असते, मला माहीत आहे."

रजनीनं खिशातून मीठ लावलेली, धागे लागलेली, दोन दिवसांची चिंच काढली. कोकिळानं ती अख्खी तोंडात कोंबली. जबडा आंबला, कानामागे कळ गेली आणि सुटलं पाणी, बाप रे, नळासारखं सुटलं. थू! तपकिरी, लिबलिबीत, चिंचेच्या शिरेसकट, दट्ट्यावरून ओघळत बोटांवर आलं. तिनं दट्ट्या आत घालून फिरवला. थू! दुसरा. खोबरेल आणि थुंकी मिळून जे काही झालं ते तिच्या नव्या पांढऱ्या बाहीवर गळलं. पुढची ढोलवाली पोरगी "अगं आई गं" म्हणून बाजूला सरकली. बायकांच्या रांगेतून कोणीतरी स्पष्ट म्हणालं, "कोणाची गं ही?" थू! तिसरा.

स्वतःच्याच हाताची तिला किळस येत होती. दट्टे मात्र खाली गेले आणि वर आले.

सुलभाबाईंचा हात पडला. पोंऽ! पहिला सूर फुटला तो म्हशीसारखा, आणि त्याच्याबरोबर आतलं खोबरेल भोंग्यातून तुषारासारखं उडून कोकिळाच्याच वेणीवर पडलं. पण दुसरा सूर सूर होता. तिसरा त्याहून जाड. बासऱ्या वर चढल्या, ढोल मागून आले आणि बँड चालायला लागला. फेटेवाल्यांनी घड्याळ खिशात घातलं. कोकिळानं एक डोळा उघडून बायकांकडे बघितलं. आईनं पदर नाकाला लावला होता.

राजघाटावर पायऱ्यांशी तिनं बाजा फिरवून ओतला. जे पडलं ते बघून एक कुत्रं जवळ आलं, हुंगलं आणि परत गेलं.

आई वाटभर चार पावलं पुढेच चालली. घरी आल्यावर एकच शब्द बोलली, "भोंगा."

"नेते," कोकिळा म्हणाली. कबूल म्हणजे कबूल. हुज्जत तिला घालता आली असती, आता तिला तेही येत होतं, पण तिनं बाजा उचलला.

राजपुऱ्यात मोतीलालकाका ओट्यावर तंबाखू मळत होते. बाजा हातात घेतला, दट्ट्या उपसला आणि नाकाशी नेला. त्यांचं तोंड असं वाकडं झालं, जसा कोणी मेलेला उंदीर हातात दिला.

"हे काय घातलं?"

"खोबरेल."

"डोक्याचं? शी शी शी! अवं, बायामाणसाच्या डोक्याचं तेल! याच्यात मी आता तोंडानं फुंकू?" ते बाजूला वळून थुंकले, खरोखर किळस येऊन थुंकले. "तुले सांगितलं होतं ना मी? सत्यानास केला बाजाचा. चार दिवस राखेनं धुवावं लागीन."

कोकिळा बघतच राहिली. किळस तिनं करायची होती, ह्यांनी कशी काय केली?

"ही घ्या तुमची वाटी," ती रागानं म्हणाली. "तीनदा उकळली आहे."

"मले नको. तुझी उष्टी झाली ती. दुसऱ्याचं उष्टं मी तोंडाले लावत नाही." काकांनी बंडीच्या खिशातून फडक्यात बांधलेली दुसरी वाटी काढून दाखवली, चकचकीत. "बाजा धन्याचा, वाटी वाजवणाऱ्याची. धंद्याचा कायदा आहे. ठेव तुझ्याजवळ. सव्वीस जानेवारीले लगीन नसलं तर ये, बाजा देईन. तेलाशिवाय."

"मग इतके दिवस मी तोंडाला लावली ती कोणाची होती?"

"निंब्याची. माझ्या आधी बेसवर तोच होता. वाटी इथंच टाकून गेला सुरतेले गिरणीत." काकांनी तंबाखूवर थाप मारली. "चांगलं वाजवायचा. हिरड्या सडल्या बिचाऱ्याच्या, मंग वाजवणं सुटलं."

कोकिळानं बाहीनं ओठ घासघासून पुसले.

वाटी फेकून द्यावी, असं तिला वाटेत चारदा वाटलं. एकदा तर गटारावर हातही नेला. पण शेवटी घरी येऊन तिनं ती चिंचेनं घासली, राखेनं घासली, पुन्हा चिंचेनं घासली, आणि घासता घासता सकाळचा तो दुसरा सूर आठवला, म्हशीनंतरचा.

आई मोरीशी बसून मिशरी लावत होती. काळं बोट तोंडात. तिनं वाटीकडे बघितलं.

"भोंगा परत दिला," कोकिळा म्हणाली. "तू भोंगा म्हणाली होतीस. ही भोंगा नाही."

आईनं काळी पिचकारी मारली, तोंड पुसलं. कोकिळानं वाटी ओठांना लावली, बेंबीतून श्वास घेतला, निंब्याच्या हिरड्या मनातून हाकलल्या, आणि फुंकलं. नुसत्या वाटीचा आवाज कसा येतो ते ज्यानं ऐकलं नाही त्याला कसं सांगावं? फुर्रर्रर्र! मुळा खाल्लेल्या माणसासारखा.

"शी!" आई म्हणाली आणि मोरीत जागा करून देत बाजूला सरकली. "इथे तरी थुंक. घरभर नको."